पाच मजले, शंभर घरं, एकच हवा: वाय-फायचं सिम्युलेशन कसं करतात

राउटरच्या खोक्यावर ३०० मेगाबिट छापलेलं असतं, इंटरनेटचं कनेक्शन १०० मेगाबिटचं असतं, फोनवर सिग्नलच्या सगळ्या कांड्या दिसतात आणि तरी रात्री नऊला व्हिडिओ कॉल अडकतो. मग कुणी राउटर बदलतं, कुणी प्लॅन वाढवतं, आणि महिन्याभरात पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. कारण तुटवडा मेगाबिटचा नसतोच. एका चॅनलवर एका वेळी एकानेच बोलायचं असतं, त्यामुळे ऐकू येणाऱ्या सगळ्यांना मिळून दर सेकंदाला वाटून घ्यायला दहा लाख मायक्रोसेकंद असतात, त्यापेक्षा एकही जास्त नाही. या वेळेला एअरटाइम म्हणतात. तो कोण किती खातं आणि किती वाया जातो याचा हिशोब म्हणजे वाय-फायचं सिम्युलेशन. रंगीत नकाशे वगैरे नंतरची सजावट.

आधी कागद-पेन्सिल

सिम्युलेटर उघडण्याआधी एक पॅकेट हाताने मोजावं. ५ गिगाहर्ट्झवरचं जुनं ५४ मेगाबिटचं ८०२.११ए घेऊ (८०२.११ हे वाय-फायच्या मानकाचं नाव, पुढचं अक्षर आवृत्तीचं), त्याचे आकडे सुटसुटीत आहेत. १५०० बाइटचं एक पॅकेट पाठवायचं आहे. पाठवणारं उपकरण आधी ३४ मायक्रोसेकंद चॅनल शांत आहे ना हे पाहतं. मग ० ते १५ मधला कुठलाही एक आकडा काढून ९ मायक्रोसेकंदांचे तितके टप्पे उलटे मोजतं. सरासरी साडेसात टप्पे, म्हणजे ६७.५. मग पॅकेट निघतं: सुरुवातीचा ओळखीचा भाग, ज्याला प्रिअॅम्बल म्हणतात, २० मायक्रोसेकंद, त्यानंतर हेडर धरून १५३६ बाइट, म्हणजे ४ मायक्रोसेकंदांचे ५७ सिम्बॉल, २२८ मायक्रोसेकंद. समोरचा १६ मायक्रोसेकंद थांबून पोच देतो, तिला २८. सगळं मिळून ३९३.५. या वेळात कामाचे बिट गेले १२,०००. भागाकार केला की सेकंदाला ३०.५ मेगाबिट. स्पर्धेला कुणी नाही, एक पॅकेट हरवलेलं नाही, तरी ५४ चे ३० झाले.

आता आवाजाचं पॅकेट घ्या. जी.७११ कोडेक, म्हणजे आवाजाचे आकडे करणारी पद्धत, दर २० मिलिसेकंदांना १६० बाइट आवाज देतो, त्यावर ४० बाइट हेडर, म्हणजे २०० बाइट. वरच्याच पद्धतीने मोजलं तर त्याला २०१.५ मायक्रोसेकंद लागतात. पॅकेट साडेसात पटींनी लहान, वेळ मात्र निम्मा. एका कॉलची दोन्ही दिशांची मिळून सेकंदाला १०० पॅकेटं, म्हणजे २० मिलिसेकंद, चॅनलचे २ टक्के. मेगाबिटच्या भाषेत हाच कॉल ५४ च्या ०.३ टक्के दिसतो. क्षमतेचं नियोजन मेगाबिट बेरीज करून केलं की ते नेमकं इथे फसतं.

दुसरा फटका संथ उपकरणाचा. त्याच चॅनलवर एक लॅपटॉप ५४ ने बोलतोय आणि आतल्या खोलीतला फोन सिग्नल कमी पडल्यामुळे ६ ने. नियम सगळ्यांना पाळी समान देतो, वेळ समान देत नाही. ६ मेगाबिटवर तेच पॅकेट पोचेसकट २२३३.५ मायक्रोसेकंद खातं. पाळी-पाळीने एकेक पॅकेट गेलं तर दोघांच्या एका फेरीला २६२७ मायक्रोसेकंद लागतात आणि दोघांनाही प्रत्येकी ४.६ मेगाबिटच मिळतात. लॅपटॉपचे ३० चे साडेचार झाले, दोष त्याचा काहीच नसताना. एकटा कोपऱ्यातला फोन सगळ्या घराला मागे खेचतो तो असा.

वेग वाढवून हे सुटत नाही. दोन अँटेनांच्या ३०० मेगाबिट दरावर पॅकेटचा मजकूर ४१ मायक्रोसेकंदांत जातो, पण थांबणं, मोजणी आणि इथे थोडे लांबलेले प्रिअॅम्बल आणि पोच यांचे १८९.५ मायक्रोसेकंद उरतातच. हाती लागतात जेमतेम ५२ मेगाबिट. म्हणून ८०२.११एन पासून अनेक पॅकेटं एका मोळीत बांधून पाठवायची सोय आली. ३२ पॅकेटांची मोळी बांधली तर तेच ५२ चे २५६ होतात. पण मोळी बांधायला रांगेत पॅकेटं साठलेली हवीत. डाउनलोडमध्ये ती असतात, कॉलमध्ये नसतात. सिम्युलेशनमध्ये मोळीचा आकार मुळात काय ठेवलाय हे न पाहता निघालेला आकडा कुणालाही दाखवू नये.

अजून एक खादाड पाहुणा: बीकन. प्रत्येक राउटर दर १०२.४ मिलिसेकंदांनी आपलं नाव पुकारतो. २.४ गिगाहर्ट्झवर हे पुकारणं अनेकदा १ मेगाबिटने चालतं. २५० बाइटचा बीकन धरला तर २.२ मिलिसेकंद, म्हणजे चॅनलचे २ टक्क्यांहून जास्त. एकमेकांना ऐकणारे दहा राउटर एकाच चॅनलवर असले तर २१ टक्के हवा नावं पुकारण्यातच गेली. प्रत्येकाने पाहुण्यांसाठी दुसरं नाव सुरू केलं की ४२. किमान दर ६ मेगाबिट केला तर एका बीकनला ०.३६ मिलिसेकंद पुरतात. फुकटात मिळणारी ही सर्वांत मोठी सुधारणा आहे, आणि बऱ्याच सिम्युलेशनांत ती दिसतच नाही, कारण तिथे राउटर एकच ठेवलेला असतो.

टक्कर, आणि कागद कुठे संपतो

दोघांनी एकच आकडा काढला तर दोघं एकाच क्षणी बोलतात आणि दोन्ही पॅकेटं वाया जातात. त्यानंतर आकडा काढायची खिडकी दुप्पट होते: १६, ३२, ६४ असं करत १०२४ पर्यंत. इटलीच्या ज्युसेप्पे बियांकी यांनी २००० साली याचं एक नेटकं गणित मांडलं. सगळी उपकरणं एकमेकांना ऐकतात आणि प्रत्येकाकडे कायम काहीतरी पाठवायला आहे, एवढं धरलं की दोन समीकरणांत टक्करीची शक्यता निघते. सुरुवातीची खिडकी १६ आणि सहा वेळा दुप्पट, या बेताने दोन उपकरणांत ती १०.५ टक्के येते, पाचांत २७, दहांत ३८ आणि वीसांत ४८. हे चार आकडे वहीत लिहून ठेवा, पुढे लागतील.

प्रत्यक्षात मात्र सगळे सगळ्यांना ऐकत नाहीत, सगळ्यांकडे कायम काम नसतं आणि दर सतत बदलत असतो. इथे समीकरणं हात टेकतात आणि सिम्युलेटर लागतो. त्याच्या आत काय चालतं ते दोन उपकरणांवर पाहू. शून्याव्या मायक्रोसेकंदाला अ आणि ब दोघांच्या रांगेत पॅकेट आलं. अ ने ३ काढला, ब ने ७. चौतिसाव्याला शांतता पुरी झाली, मोजणी सुरू. एकसष्टाव्याला अ ची मोजणी संपली आणि तो बोलू लागला. ब ची मोजणी ४ वर गोठली. ३०९ ला पॅकेट संपलं, ३२५ ला पोच सुरू झाली, ३५३ ला संपली. अ ने पुढच्या पॅकेटसाठी नवा आकडा काढला आणि तो नेमका ४ निघाला. ३८७ ला दोघांची मोजणी एकदम सुरू, ४२३ ला दोघंही एकदम बोलले, टक्कर. सिम्युलेटर घड्याळ एकेक मायक्रोसेकंद सरकवत नाही. घडणाऱ्या गोष्टींची वेळेनुसार लावलेली यादी त्याच्याकडे असते आणि तो ६१ वरून थेट ३०९ वर उडी मारतो. या पद्धतीमुळेच शंभर घरांची इमारत लॅपटॉपवर चालवता येते.

साधनांबद्दल थोडक्यात. एनएस-३ फुकट आहे, सी++ मध्ये लिहिलेलं आहे, २००८ पासून सतत वाढतंय आणि वाय-फायचा त्यातला भाग सर्वांत तपशीलवार आहे. ओमनेट++ आणि त्यावरचं आयनेट हे चित्रातून शिकणाऱ्यांना सोपं जातं. बेंगळुरूच्या टेटकॉसचं नेटसिम कॉलेजांच्या प्रयोगशाळांत भेटतं. मॅटलॅब सिग्नलच्या पातळीवरच्या कामाला, म्हणजे सिम्बॉल कसा बिघडतो हे पाहायला, चांगलं. पन्नास उपकरणांच्या रांगा पाहायला ते जड पडतं. पुढचं सगळं एनएस-३ धरून आहे.

त्यातही एक निवड सुरुवातीलाच करावी लागते. यान्स नावाचं हवेचं साधं मॉडेल भराभर चालतं, पण शेजारच्या चॅनलची गळती त्याला कळत नाही. १ आणि ३ क्रमांकाचे चॅनल त्याच्या लेखी पूर्ण वेगळे. चॅनल-वाटपाचा प्रश्न असेल तर स्पेक्ट्रमचं मॉडेलच घ्यायला हवं, वेळ लागला तरी.

शंभर घरांची इमारत

८०२.११एएक्स, म्हणजे वाय-फाय ६, ठरवताना आयईईई या मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या कार्यगटाने सगळ्यांनी तपासणीसाठी एकच इमारत वापरावी म्हणून एक परिस्थिती ठरवून दिली: पाच मजले, प्रत्येक मजल्यावर दहा-दहा घरांच्या दोन ओळी, प्रत्येक घर १० मीटर बाय १० मीटर, उंची ३ मीटर, प्रत्येक घरात एक राउटर. आपल्याकडच्या कुठल्याही सोसायटीला ही ओळखीची वाटेल. सिग्नल किती घटतो याचं सूत्रही सोबत आहे. २.४ गिगाहर्ट्झवर पहिल्या मीटरला ४०.०५ डेसिबल घट. ५ मीटरपर्यंत अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल, त्यापुढे दुप्पट झालं की साडेदहा. प्रत्येक भिंतीला ५. मधल्या एका स्लॅबला १८.३, दोन स्लॅबना मिळून ३३.५, तीनांना ४३.६. ५.२ गिगाहर्ट्झवर या सगळ्यात ६.७ ची भर.

राउटर २० डीबीएमने बोलतोय असं धरून ५.२ गिगाहर्ट्झवर मांडून पाहा. डीबीएम हे सिग्नलच्या ताकदीचं माप, उणे आकडा जितका मोठा तितका सिग्नल क्षीण. शेजारच्या घरात, १० मीटर आणि एक भिंत, तो उणे ५६ ने पोचतो. दोन घरं पलीकडे उणे ७२. तीन घरं पलीकडे उणे ८३. बरोबर वरच्या मजल्यावर उणे ५५, दोन मजले वर उणे ७७, तीन मजले वर उणे ९३. वाय-फायचं उपकरण २० मेगाहर्ट्झच्या चॅनलवर दुसऱ्याचं प्रिअॅम्बल उणे ८२ पर्यंत ऐकतं आणि ऐकलं की गप्प बसतं. म्हणजे एक राउटर आपल्या ओळीत दोन्हीकडची दोन-दोन घरं आणि वर-खाली दोन-दोन मजले यांच्याशी एअरटाइम वाटून घेतो. २.४ वर गेलं की ऐकू येणं ६.७ डेसिबलने वाढतं आणि तिसरं घरही त्यात येतं. कांड्या पूर्ण दिसतात त्या आपल्या राउटरच्या. वाटेकरी किती आहेत हे कांड्या सांगत नाहीत.

उणे ८३ वालं तिसरं घर ऐकू येत नाही म्हणून निरुपद्रवी ठरत नाही. ते बोलत असताना आपला राउटरही बोलतो. आपल्या फोनला स्वतःच्या राउटरचा सिग्नल उणे ६० आणि त्या घराचा उणे ८० मिळत असेल तर दोहोंतलं अंतर २० डेसिबलच उरतं. मधले दर त्यात निभतात, सर्वांत वरचे ३० च्या आसपास मागतात, ते पडतात. टक्कर मोजणाऱ्या तक्त्यात हे दिसणार नाही. दर उतरलेला दिसेल.

भिंतीचे ५ डेसिबल मात्र डोळे झाकून घेऊ नका. तो आकडा हलक्या भिंतींना बरा आहे. नऊ इंची विटांची भिंत, आरसीसीचा कॉलम, लिफ्टचा शाफ्ट यांना तो कमीच पडतो. फोनवर सिग्नल डीबीएममध्ये दाखवणारं ॲप घ्या, भिंतीच्या अलीकडे आणि पलीकडे प्रत्येकी दहा वाचनं घ्या, फोन दर वेळी थोडा हलवा आणि सरासऱ्यांची वजाबाकी करा. फोनचा आकडा स्वतः चार-पाच डेसिबलने चुकत असला तरी वजाबाकीत ती चूक निघून जाते. जाड भिंत आतल्या खोलीला त्रास देते आणि शेजाऱ्याला दूर ठेवते, दोन्ही. म्हणून शहरातल्या जुन्या दगडी इमारतीत पाच-पाच राउटर सुखाने नांदतात आणि काचेच्या ऑफिसात तीन राउटर एकमेकांचा गळा धरतात.

एनएस-३ मधला एक ठरलेला खड्डा इथेच आहे. अंतरानुसार घट काढणाऱ्या त्याच्या नेहमीच्या मॉडेलमध्ये पहिल्या मीटरची घट मुळात ४६.६८ डेसिबल असते, ती ५.१५ गिगाहर्ट्झची. चॅनल २.४ चा लावला आणि हा आकडा तसाच राहिला तर सगळी इमारत साडेसहा डेसिबलने बहिरी होते, शेजारी गायब होतात आणि निकाल छान येतात. प्रसारणाची ताकदही मुळात १६ डीबीएमच असते, २० नव्हे.

पायऱ्या चढत जायचं

इमारत थेट उभी करणारे बहुतेक जण दोन आठवडे चुका शोधत बसतात. आधी एक राउटर, एक लॅपटॉप, ३ मीटर अंतर, दर ५४ ला खिळवलेला, १५०० बाइटची पॅकेटं यूडीपीने, म्हणजे हरवलेलं पॅकेट परत न पाठवणाऱ्या साध्या पद्धतीने. ३०.५ च्या अगदी जवळचा आकडा यायला हवा. २८ आले तर कुठेतरी पोचेचा दर किंवा टप्प्याची लांबी वेगळी आहे, ते सापडल्याशिवाय पुढे जायचं नाही. दुसरी पायरी ५४ आणि ६ ची जोडी. प्रत्येकी साडेचारच्या आसपास. कागदापेक्षा थोडा फरक पडेल, कारण दोघांची मोजणी एकाच वेळी चालते आणि अधूनमधून टक्करही होते. तिसरी पायरी दहा उपकरणं, सगळी राउटरपासून २ मीटरवर, सगळ्यांच्या रांगा कायम भरलेल्या. टक्कर ३८ टक्क्यांच्या जवळ. एनएस-३ सोबत बियांकीच्या गणिताशी ताडून पाहणारं उदाहरण तयारच येतं, ते आधी चालवून बघावं. मग एक मजला, वीस घरं. मग इमारत.

इमारतीत आकडे मधल्या घरांचेच घ्या. टोकाच्या घरांना शेजारी कमी, त्यामुळे त्यांचे निकाल उगाच गुलाबी येतात. शंभर घरांत पाच-पाच उपकरणं म्हणजे पाचशे; एक सेकंद सिम्युलेट व्हायला कित्येक मिनिटं लागू शकतात, तेव्हा इमारतीचा नंबर रात्रीचा लावावा.

सुरुवातीचा गोंधळ हा वेगळाच विषय आहे. सगळी उपकरणं शून्याव्या सेकंदाला सुरू केली की सगळी एकदम राउटरला जोडायला धावतात आणि पत्ता विचारणारी एआरपीची विनंती एकदम हवेत सोडतात. राउटर ही विनंती सगळ्यांना उद्देशून पुढे सोडतो तेव्हा तिला पोच नसते, टक्कर झाली की ती गेली. मग चाळीसपैकी सहा उपकरणांचा थ्रूपुट, म्हणजे प्रत्यक्ष हाती लागणारा वेग, शून्य दिसतो आणि माणूस अँटेनात दोष शोधतो. प्रत्येकाची सुरुवात वेगवेगळ्या क्षणी, एक-दोन सेकंदांत विखरून ठेवा आणि पहिले पाच सेकंद मोजमापातून वगळा. दर आपोआप निवडणारं मिन्स्ट्रेल वापरत असाल तर त्यालाही हवेचा अंदाज यायला थोडा वेळ लागतो. आयडियल नावाचा दुसरा पर्याय समोरच्याला सिग्नल किती मिळतोय हे आतून जाणतो, म्हणजे खऱ्या राउटरला न मिळणारी माहिती तो वापरतो. वरची मर्यादा काढायला तो ठीक, खऱ्या इमारतीच्या अंदाजाला नाही.

एकदा चालवून आलेला आकडा म्हणजे एकदा टाकलेला फासा. यादृच्छिक आकड्यांचं बीज तेच ठेवून रनचा, म्हणजे फेरीचा, क्रमांक बदलत किमान दहा वेळा चालवा. दहांची सरासरी घ्या, प्रमाण विचलनाला दहाच्या वर्गमुळाने भागा आणि २.२६२ ने गुणा. ९५ टक्के खात्रीचा पट्टा सरासरीच्या दोन्ही बाजूंना इतका असतो. दोन योजनांचे पट्टे एकमेकांवर चांगलेच चढत असतील तर ‘सुधारणा ७ टक्के’ असं लिहायचा मोह आवरावा आणि आणखी वीस वेळा चालवावं.

कॉलसाठी काय मोजायचं

सरासरी थ्रूपुट हा सेवेच्या दर्जाचा सर्वांत निरुपयोगी आकडा. कॉलसाठी मोजायचा असतो उशीर, तोही सरासरी नव्हे: शंभरातली नव्व्याण्णव पॅकेटं किती मिलिसेकंदांच्या आत पोचतात ते. बोलण्यासाठी एका दिशेचा एकूण उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असावा असं आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेची जी.११४ ही शिफारस सांगते. त्यातला बराचसा इंटरनेट आणि फोनमधला बफर खातात. वाय-फायच्या वाट्याला २० ते ३० मिलिसेकंद धरलेले बरे.

२००५ साली आलेल्या ८०२.११ई ने चार रांगा दिल्या: आवाज, व्हिडिओ, सामान्य आणि मागची. आवाजाची रांग ० ते ३ मधला आकडा काढते, सामान्य रांग ० ते १५ मधला. शिवाय सामान्य रांगेला मोजणीआधी एक टप्पा जास्त थांबावं लागतं, मागच्या रांगेला पाच. त्यामुळे आवाज पुढे घुसतो. पण चारच आकडे असल्याने दोन फोनांनी एकदम नव्याने मोजणी सुरू केली की चारात एकदा टक्कर. टक्करीनंतरही खिडकी फक्त आठपर्यंत वाढते. सगळंच महत्त्वाचं म्हणून सगळंच आवाजाच्या रांगेत टाकणारे सगळ्यांचाच कॉल पाडतात. सिम्युलेशनमध्ये हे पाच मिनिटांत दाखवता येतं: आवाजाच्या रांगेतली उपकरणं दोनवरून दहावर न्या आणि टक्करींचा आलेख बघा.

आणि रांग नेमकी मिळाली का हेही तपासा. आयपी फोन आपल्या पॅकेटवर साधारणपणे ४६ ही खूण लावतात. बरीच उपकरणं या खुणेचे वरचे तीन बिट घेऊन प्राधान्य ठरवतात. ४६ म्हणजे १०१११०, वरचे तीन १०१, म्हणजे ५. वाय-फायमध्ये ५ ची रांग व्हिडिओची. आवाजाची ६ आणि ७. फोन आवाज म्हणतोय आणि हवेत तो व्हिडिओ म्हणून जातोय. २०१८ च्या आरएफसी ८३२५ या इंटरनेटच्या मानक-दस्तऐवजाने ४६ ला सरळ ६ ची रांग द्यायला सांगितलं, तरी राउटरमध्ये तसं आहे का ते पाहावंच लागतं. एनएस-३ मध्येही वरचे तीन बिटच चालतात, म्हणून आवाजाची रांग हवी तर ४८ ही खूण लावावी.

रांगेची लांबी हा त्याहून मोठा चोर. ५०० पॅकेटांची रांग १५०० बाइटच्या पॅकेटांनी भरली तर ६० लाख बिट साठतात. ५ मेगाबिटवर ती रिकामी व्हायला १.२ सेकंद. घरात कुणी मोठी फाइल उतरवायला लावली की त्याच रांगेतला कॉल सव्वा सेकंद मागे पडतो. एनएस-३ मधल्या वाय-फाय रांगेची मूळ मर्यादा हीच ५०० पॅकेटांची आहे, पण ५०० मिलिसेकंदांहून जुनं पॅकेट ती टाकून देते. म्हणून खऱ्या राउटरवर जिथे सव्वा सेकंद उशीर झाला असता तिथे सिम्युलेशन पॅकेट हरवल्याचं दाखवतं. आजार एकच, लक्षणं वेगळी. दोन्ही मर्यादा आपल्या राउटरप्रमाणे लावून घ्याव्यात.

ट्रॅफिकचा नमुनाही इथे निकाल ठरवतो. सगळ्यांच्या रांगा कायम भरलेल्या ठेवून निघते ती कमाल क्षमता. रात्री नऊची इमारत तशी नसते. व्हिडिओ दर काही सेकंदांनी एक तुकडा खेचून गप्प बसतो, वेबपान एका धक्क्यात येतं, कॉल संथ लयीत चालतो. सरासरी तीच ठेवून सपाट धार सोडली तर धक्क्यांमुळे येणारा उशीर दिसतच नाही.

बटणं कुठली फिरवायची

चॅनलची रुंदी. भारतात ऑक्टोबर २०१८ मध्ये ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातला ६०५ मेगाहर्ट्झ भाग परवान्यातून मोकळा झाला. त्यात ८० मेगाहर्ट्झचे सहा चॅनल बसतात, २० चे निदान पंचवीस. बरेच घरगुती राउटर मधल्या भागात, ५२ ते १४४ या चॅनलांवर, जातच नाहीत. मग ८० चे उरतात दोन. शंभर घरांना दोन चॅनल वाटून द्यायचे म्हणजे प्रत्येक राउटरला ऐकू येणाऱ्यांपैकी निम्मे त्याच्याच चॅनलवर. शिवाय रुंदी दुप्पट केली की गोंगाट ३ डेसिबलने वाढतो. दाट इमारतीत २० किंवा ४० वर सगळ्यांनी आलं तर एकट्याचा कमाल वेग घटतो पण वाईटात वाईट पाच टक्के घरांचा उशीर सुधारतो, आणि तक्रारी त्या घरांतूनच येतात. याच्या उलट, शेतावरच्या एकट्या बंगल्यात ८० ला पर्याय नाही.

ताकद कमी करणं हे बटण दुधारी. २० वरून १४ डीबीएमवर आणलं की दोन मजल्यांवरचा राउटर उणे ७७ वरून उणे ८३ वर जातो, म्हणजे वाटेकरी कमी झाला. पण आतल्या खोलीतला फोन खालच्या दरावर घसरला तर आधी मोजलेला संथ उपकरणाचा फटका परत येतो. कुठे थांबायचं हे सिम्युलेशननेच ठरतं, आणि ते प्रत्येक इमारतीत वेगळं निघतं. वाय-फाय ६ मधली रंगाची खूणही याच जातीची: शेजाऱ्याचं पॅकेट वेगळ्या रंगाचं असेल तर उणे ८२ ऐवजी वर, उणे ६२ पर्यंत, दुर्लक्ष करायची मुभा, पण उंबरठा जितका वर तितकी स्वतःची ताकद खाली आणायची अट. आणि २० मेगाहर्ट्झचे नऊ तुकडे करून नऊ जणांना एकदम लहान पॅकेटं पाठवायची सोय कॉलसाठी खरोखर कामाची, मात्र समोरचे फोनही वाय-फाय ६ चे असतील तरच. सिम्युलेशनमध्ये सगळे फोन नवे धरले जातात. सोसायटीत निम्मे जुने असतात, ते प्रमाण आकड्यात घाला.

टीव्ही आणि डेस्कटॉप तारेने जोडणं हे कुठल्याही संशोधन निबंधात नसतं. सिम्युलेशनमधून रोज तीन तास व्हिडिओ खेचणारं एक उपकरण काढून टाका आणि बाकीच्यांच्या नव्व्याण्णव टक्के पॅकेटांचा उशीर पुन्हा काढा. बहुतेक घरांत महागड्या राउटरपेक्षा वीस मीटर केबल पुढे निघते.

शेवटी ताडून पाहणं. इमारतीत दहा-बारा जागा ठरवा, तिथे सिग्नल मोजा, आयपर्फ३ या वेग मोजणाऱ्या प्रोग्रॅमने एकेक मिनिट थ्रूपुट घ्या, एकदा दुपारी आणि एकदा रात्री. दुपारचे आकडे भिंती आणि घट बरोबर धरली का ते सांगतात, रात्रीचे शेजारी आणि ट्रॅफिक. दुपारचे जुळत नसताना रात्रीचे जुळले तर दोन चुका एकमेकींना झाकत आहेत असं समजा आणि भिंतींपासून पुन्हा सुरू करा.